खालच्या विभागातला आपला क्लब: नव्या हंगामाच्या आशेचा हिशेब कसा मांडावा

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या लीग वन, लीग टू किंवा नॅशनल लीग या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पायरीच्या विभागांतल्या क्लबवर जीव जडला की जुलै महिना हुरूपाचा जातो. गुणतक्त्यात सगळ्यांपुढे शून्य असतं आणि नवा आघाडीपटू वीस गोल मारणार याबद्दल मनात शंका नसते. ही आशा धरावीच. फक्त पहिल्या सामन्याआधी ती आकड्यात लिहून ठेवावी, म्हणजे सप्टेंबरमधल्या दोन पराभवांनी ती विझत नाही आणि तीन विजयांनी वाहवतही नाही. त्यासाठी एक वही, गेल्या हंगामाचा गुणतक्ता, प्रत्येक सामन्याच्या संघयाद्या आणि निवांत संध्याकाळ एवढं पुरतं.

आधी क्लब धड आहे का ते बघा

मैदानातल्या गोष्टींआधी पैशाकडे बघायचं, कारण तिथे घात झाला तर बाकीचा हिशेब वाया जातो. बरी हा क्लब २०१९ च्या वसंतात लीग टूमध्ये दुसरा येऊन वर गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, लीग वनचा एकही सामना न खेळता, ईएफएलमधून (नॅशनल लीगच्या वरचे तीन विभाग चालवणारी संस्था) काढला गेला. ल्यूटनने २००८-०९ चा लीग टू हंगाम उणे ३० गुणांवर सुरू केला आणि तो खाली गेलाच. आता ईएफएलमधला क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला की १२ गुण कापले जातात. १२ गुण म्हणजे चार विजय. मधल्या संघाला ते मिळवायला साधारण नऊ सामने लागतात.

तपासणी घरबसल्या होते. क्लब चालवणाऱ्या कंपनीचं नाव कंपनीज हाउस या ब्रिटनच्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधा. तिथली कागदपत्रं फुकट बघता येतात. ताळेबंद वेळेवर दाखल झालाय का ते आधी पाहा. खासगी कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात, म्हणजे वर्ष ३० जूनला संपत असेल तर ३१ मार्च ही शेवटची तारीख. तारीख उलटूनही ताळेबंद नसेल तर कान टवकारा. मग बोज्यांची नोंद बघा: स्टेडियम गहाण आहे का, कुणाकडे, आणि ती नोंद अलीकडची आहे का. त्याच्या जोडीला ईएफएलच्या संकेतस्थळावरची खेळाडू-नोंदणीच्या निर्बंधाखाली असलेल्या क्लबांची यादी चाळा. पगार उशिरा झाल्याची बातमी, रखडलेला ताळेबंद आणि निर्बंध या तिन्हींतल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या, तर यंदाची आशा एकच ठेवा: क्लब टिकावा. ती आशा छोटी नाही.

मधला आकडा

या तिन्ही विभागांत २४ संघ आणि ४६ सामने. सामना निकाली लागला तर दोन्ही संघांत मिळून ३ गुण वाटले जातात, बरोबरीत सुटला तर २. साधारण चारातला एक सामना बरोबरीत सुटतो, म्हणून सामन्यामागे २.७५ गुण, एका संघाच्या वाट्याला १.३७. त्याला ४६ ने गुणा: ६३. अगदी मध्यावरच्या संघाचा आकडा हा.

आता गेल्या हंगामातला आपला गोलफरक घ्या. एका गोलामागे अंदाजे ०.६ गुण धरा आणि ते ६३ मध्ये मिळवा किंवा त्यातून वजा करा. समजा आपण ५४ गोल केले आणि ६१ खाल्ले. फरक उणे ७, म्हणजे उणे ४ गुण, उत्तर ५९. प्रत्यक्षात ६६ मिळाले असतील तर वरचे ७ गुण बरेचसे नशिबाचे: शेवटच्या मिनिटाचे गोल, १-० चे विजय, समोरच्याने घालवलेल्या पेनल्टी. ते पुढच्या हंगामात आपोआप सोबत येत नाहीत. चाहता नेमका इथेच फसतो. तो ६६ वरून मोजायला लागतो, मोजायचं असतं ५९ वरून.

२०२२-२३ ची लीग वन याचं चांगलं उदाहरण. प्लिमथ १०१ गुणांनी विजेता, इप्सविच ९८ गुणांनी दुसरा. पण प्लिमथचा गोलफरक ३५ होता आणि इप्सविचचा ६६. वरच्या रीतीने प्लिमथला ८४ आणि इप्सविचला १०३ येतात. पुढच्याच हंगामात चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे लीग वनच्या वरच्या विभागात, इप्सविच ९६ गुणांसह दुसरा येऊन थेट प्रीमियर लीगमध्ये पोचला, आणि प्लिमथ ५१ गुणांवर, २१ व्या जागी, शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला. गुणतक्ता काय झालं ते सांगतो. पुढे काय होईल याचा सुगावा गोलफरकात जास्त असतो.

यापुढची गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, आणि आशेला जागा तिथेच आहे. मधल्या ताकदीचा संघ घ्या: विजय आणि पराभव प्रत्येकी ३७ टक्के, बरोबरी २६ टक्के. याच ताकदीने तो ४६ सामने खेळला तरी त्याचे गुण निव्वळ योगायोगाने ९ इकडे किंवा ९ तिकडे सरकतात. साधारण तीनातल्या दोन हंगामांत ते या पट्ट्यात राहतात, उरलेल्या वेळी त्याच्याही बाहेर जातात. म्हणून वहीत तीन आकडे लिहा. मधला ५९ असेल तर खालचा ५० आणि आशेचा ६८. लीग टूमध्ये सातव्या जागेपर्यंत प्लेऑफ असतो, म्हणजे वर जाण्याची शेवटची जागा ठरवणारे बाद सामने. क्रॉली टाउन २०२३-२४ मध्ये ७० गुणांवर सातवा आला आणि वेम्बलीवर क्रू अलेक्झांड्राला २-० हरवून वर गेला. साध्या संघाचा आशेचा आकडा प्लेऑफच्या दारापर्यंत खरोखरच पोचतो.

आपला आकडा कुठल्या दारापाशी येतो ते विभागाप्रमाणे तपासा. लीग वनमध्ये पहिले दोन थेट वर, तिसरा ते सहावा प्लेऑफ, शेवटचे चार खाली. लीग टूमध्ये पहिले तीन थेट, चौथा ते सातवा प्लेऑफ, खाली फक्त दोन. नॅशनल लीगमध्ये विजेता एकटाच थेट वर जातो, दुसरा ते सातवा प्लेऑफ खेळतात आणि त्यांतला एकच वर जातो. हे दार किती अरुंद आहे ते २०२२-२३ मध्ये दिसलं: नॉट्स काउंटी फक्त तीन सामने हरला, १०७ गुण मिळवले, तरी रेक्सहॅमच्या १११ मुळे त्याला प्लेऑफ खेळूनच वर जावं लागलं. नॅशनल लीगमधल्या क्लबच्या चाहत्याने आशेचा आकडा कितीही मोठा लिहिला तरी शेजारी ‘प्लेऑफ’ हा शब्द लिहूनच ठेवावा.

५०६ जागांचा हिशेब

४६ सामने, प्रत्येकात पहिले अकरा: हंगामात एकूण ५०६ जागा भरल्या जातात. गेल्या हंगामात कुणी किती सामने सुरुवातीपासून खेळले ते लिहून काढा. बेरीज ५०६ आलीच पाहिजे. नाही आली तर कुठेतरी एक संघयादी सुटली आहे. मग यातले किती सामने अजून क्लबमध्ये असलेल्या खेळाडूंचे ते मोजा. बहुतेक करार ३० जूनला संपतात आणि कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं ही यादी क्लब मे महिन्यातच जाहीर करतात, त्यामुळे हे काम जुलैच्या पहिल्या आठवड्यात होऊन जातं.

३०० च्या वर जागा शाबूत असतील तर गेल्या हंगामाच्या गोलफरकावर भरवसा ठेवता येतो. २०० च्या खाली असतील तर संघ नवाच आहे असं समजा आणि मधला आकडा ६३ कडे निम्मा सरकवा, म्हणजे ५९ चा ६१ होईल. संघ चांगला असेल तर याच नियमाने आकडा खाली येतो, आणि तेही प्रामाणिकपणे लिहायचं.

लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून उसने आलेल्यांचे सामने वेगळ्या रंगाने लिहा. वरच्या क्लबाचा १९ वर्षांचा मुलगा १० गोल करून गेला, तर ते गोल त्याच्याबरोबर गेले. यंदाच्या लोनबाबत आणखी एक खबरदारी: अनेक करारांत जानेवारीत खेळाडू परत बोलावण्याची मुभा असते आणि चांगला खेळणाराच परत बोलावला जातो. गोलरक्षक किंवा मुख्य आघाडीपटू लोनवर असेल तर हंगाम डिसेंबरपर्यंतचा आणि त्यानंतरचा असा दोन तुकड्यांत बघा.

गोल कुणाकडून आले तेही पाहा, पण पेनल्टी वगळून. १६ गोलांतले ७ पेनल्टीचे असतील तर तो ९ गोलांचा आघाडीपटू आहे. पेनल्टी दुसराही कुणी घेऊ शकतो. कॉर्नर आणि फ्री किकवरचे गोल मोजताना चेंडू टाकणारा कोण होता ते लिहा. तो गेला असेल तर हेडरने गोल करणारा उंच बचावपटू यंदा तसा दिसणार नाही, आणि लोक दोष मात्र त्या बचावपटूला देतील.

नव्या खेळाडूचं नाव ऐकून हरखून जाण्याआधी त्याने गेल्या दोन हंगामांत किती सामने सुरुवातीपासून खेळले ते बघा. एकेकाळी चॅम्पियनशिपमध्ये खेळलेला, पण दोन वर्षांत जेमतेम वीस सामने खेळलेला माणूस खालच्या विभागात येतो त्याला बहुतेकदा गुडघा किंवा मांडीचा स्नायू कारण असतो. त्याच्यापेक्षा याच विभागात सलग दोन हंगाम ४० सामने खेळलेला बचावपटू जास्त भरवशाचा.

सराव सामने

निकालाकडे बघू नका. शेवटच्या दोन सराव सामन्यांत साठ मिनिटांच्या पुढे कोण खेळतंय तेवढं टिपा. पहिल्या लीग सामन्यातले अकरा बहुधा तेच असतात. संघयादीत जुलैच्या अखेरीसही नावाऐवजी दोन-तीन ‘ट्रायलिस्ट’ (करार न झालेले, चाचणीवर आलेले खेळाडू) दिसत असतील आणि ते एकाच जागेवर खेळत असतील, तर ती जागा अजून रिकामी आहे असं समजा.

हंगाम सुरू झाल्यावर

पहिल्या आठ-दहा सामन्यांत तक्ता खोटं बोलतो, कारण कुणाच्या वाट्याला कोण आलं यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून गेल्या हंगामातल्या त्याच सामन्यांशी तुलना करा: तोच प्रतिस्पर्धी, तेच मैदान. लीग टूमध्ये दर वर्षी सहा क्लब बदलतात, त्यामुळे तिथेच राहिलेल्या क्लबाचे ४६ पैकी ३४ सामने जसेच्या तसे जुळतात. लीग वनमध्ये सात बदलतात, जुळतात ३२. उरलेल्यांसाठी जोड्या लावा: वरून खाली आलेल्यांना वर गेलेल्यांच्या जागी ठेवा, खालून आलेल्यांना घसरलेल्यांच्या जागी. म्हणजे लीग टूमध्ये नॅशनल लीगचा विजेता गेल्या वेळच्या २३ व्या संघाच्या जागी येतो आणि प्लेऑफ जिंकून आलेला २४ व्याच्या.

वहीत प्रत्येक सामन्यापुढे अधिक किंवा उणे लिहा. गेल्या वर्षी घरच्या मैदानावर ज्याच्याशी हरलो त्याच्याशी आता बरोबरी झाली तर अधिक १. तक्त्यात आपण १७ वे असू आणि वहीत अधिक ५, तर संघ सुधारतोय, आणि प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची मागणी करायची ही वेळ नाही. उलटही होतं: पाचव्या जागेवरचा संघ वहीत उणे ३ असतो, आणि डिसेंबरमध्ये त्याची उतरण सुरू झाली की सगळ्यांना धक्का बसतो.

चषकांना या हिशेबात मिसळू नका. एफए कप या बाद पद्धतीच्या चषकात लीग वन आणि लीग टूचे क्लब नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत येतात, प्रीमियर लीगचे क्लब जानेवारीत तिसऱ्या फेरीत. दोन सामने जिंकले की मोठ्या मैदानावरचा सामना आणि तिकिटांच्या पैशांतला वाटा मिळू शकतो. लहान क्लबाला त्यातून जानेवारीत एखादा खेळाडू घेता येतो. ही आशा वेगळ्या पानावर लिहा.

हिवाळ्यात मैदान गोठतं, पाणी साचतं, सामने पुढे जातात आणि ‘आपले तीन सामने हातात आहेत’ हे वाक्य कानावर येऊ लागतं. हातातला सामना ३ गुणांचा धरू नका, १.३७ चा धरा. तीन सामने म्हणजे ४ गुण, ९ नव्हे. त्यातही ते मार्च-एप्रिलच्या मंगळवारी रात्री, शनिवारच्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी खेळावे लागतात. राखीव फळी पातळ असेल तर ४ ऐवजी ३ धरा.

तिन्ही आकडे दोनदाच बदलायचे: खेळाडूंच्या उन्हाळी खरेदीची मुदत संपल्यावर आणि जानेवारीची मुदत संपल्यावर. दुसऱ्या वेळी उरलेले सामने मोजा, उरलेल्या सामन्यांत सामन्यामागे १.३७ अधिक-उणे मधल्या संघापासूनचा आपला फरक धरून बेरीज करा, आणि योगायोगाचा पट्टा आखूड करा: १६ सामने उरले असतील तर तो ९ ऐवजी ५ गुणांचा होतो. फेब्रुवारीत ४१ गुण असतील, सामन्यामागे १.४ ने आणखी २२ येत असतील, तर मधला आकडा ६३ आणि आशेचा ६८. सातव्या जागेवरचा संघ तेव्हा कुठल्या वेगाने धावतोय ते बघा आणि त्याच्याविरुद्धचा आपला सामना वहीत लाल शाईने वर्तुळ काढून ठेवा.