पहिल्यांदा वर्गावर जाताय? पोरांची भांडणं नीट बघा

शिक्षक व्हायला डी.एल.एड. नाहीतर बी.एड.ला ॲडमिशन घेतलेली पोरंपोरी सुट्टीत भेटायला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, मॅडम वर्ग कंट्रोल कसा करायचा? मी कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बरीच वर्षं तिसरी-चौथीच माझ्याकडं आहे, आणि मी सगळ्यांना सांगते की कंट्रोलचं नंतर बघू, आधी पोरांची भांडणं बघायला शिका. गणिताचं, मराठीचं टाचण, म्हणजे पाठाची तयारी, कसं काढायचं ते कॉलेजात शिकवतात. पण मूल स्वतःला काय समजतं, दुसऱ्याशी कसं वागतं, बरोबर काय चूक काय हे कशावरनं ठरवतं, हे दिवसभर वर्गात चालूच असतं, त्याला वेगळा तास नसतो. भांडण झालं की ते सगळं एकदम उघडं पडतं.

एक उदाहरण सांगते. दिवाळीच्या आसपास आमच्याकडं साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शेताच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात आणि त्यांची लेकरं वर्षाच्या मध्येच वर्गात येऊन बसतात, हंगाम संपला की परत जातात. अशीच एक मुलगी तिसरीत आली होती. थोड्या दिवसांनी एकीचा वासाचा खोडरबर हरवला आणि कुणी काही विचारायच्या आत मागनं आवाज आला, "बाई, तिनंच घेतला असणार, ती कोपीतली हाय." दोघातिघांनी माना डोलवल्या. ती मुलगी काहीच बोलली नाही, दप्तर तेवढं पोटाशी धरून बसली.

अशा वेळी नवीन शिक्षक सगळ्यांची दप्तरं तपासतो. ते अजिबात करू नका. तिच्या दप्तरात काही सापडो न सापडो, झडती घेतली की बाईंनाही संशय होता हे वर्गाला कळलंच. मी फळ्यावर तीन रकाने आखले, बघितलं, ऐकलं, वाटतं, आणि म्हटलं ज्याला जे माहीत आहे ते त्यानं योग्य रकान्यात सांगायचं. वाटतं चा रकाना भरून वाहायला लागला, ऐकलं मध्ये दोन वाक्यं आली आणि बघितलं कोराच राहिला. मग मी गप्प उभी राहिले, पोरं फळ्याकडं बघत बसली, आणि ज्यानं पहिल्यांदा कोपीचं नाव काढलं होतं तोच म्हणाला, "म्हंजे आपल्याला काय म्हाईतच न्हाई की." खोडरबर शेवटपर्यंत सापडला नाही. पण ते तीन रकाने वर्गानं उचलले, पुढं कुणी कुणावर काही ढकललं की पोरंच एकमेकांना विचारायची, बघितलंस का वाटतंय?

आता हे पुस्तकात कुठं बसतं ते बघा, कारण परीक्षाही द्यायची आहे. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोट्या खेळताना बघून नियमांबद्दल प्रश्न विचारले आणि १९३२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. लहान मुलाला नियम म्हणजे मोठ्यांनी दिलेला, कधीच न बदलणारा वाटतो, मोठं होत जाईल तसं त्याला कळतं की नियम आपण मिळून करतो आणि सगळ्यांना पटलं तर बदलूही शकतो. हे बघायला स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. मधल्या सुट्टीत ग्राउंडवर उभं राहा, पहिलीतली पोरं "असंच असतंय" म्हणून रडतात आणि सहावी-सातवीतली फुटबॉल सुरू करायच्या आधीच आउट कुठं, गोल कुठं, लहान पोरगं खेळात घेतलं तर त्याला काय सूट हे ठरवून मोकळी होतात. कोल्हापुरात फुटबॉल तर घराघरात आहे, पेठेपेठेचा अभिमान पोरं वर्गात घेऊन येतात, आपल्या टीमचा असला की फाउल नसतो आणि समोरच्याचा असला की असतो. हे भांडण मिटवायची घाई करू नका, त्यांना एकदा पंच अदलाबदल करून खेळायला लावा, शाहू स्टेडियमवर बघितलेल्या मॅचमधली भाषा वापरून पोरं स्वतः न्याय-अन्याय बोलायला लागतात.

पियाजेची कपांची गोष्ट तर प्रत्येकानं इंटर्नशिपमध्ये करून बघाच. एका मुलाला जेवायला बोलावलं, त्यानं दार ढकललं, दारामागं कप ठेवलेत हे त्याला माहीत नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसऱ्यानं आई घरात नसताना चोरून जॅम काढायला हात घातला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? (आपल्या पोरांना जॅमच्या जागी लाडू सांगा, चालतं.) लहान पोरं हटकून पंधरावाल्याचं नाव घेतात, मोठी म्हणतात "त्याला कुठं माहीत होतं". माझा सल्ला असा की उत्तरापेक्षा "का" विचारा, आणि पोरगं सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

मुलांच्या नैतिक विचारांचा अभ्यास करणाऱ्या कोहलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचंही तसंच. त्यानं शिकागोतल्या ७२ मुलग्यांना कोंडीत टाकणारे प्रसंग सांगून त्यांच्या उत्तरांवरनं तीन स्तर आणि सहा अवस्था मांडल्या. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पेपर एकमध्ये १५० पैकी ३० मार्क बालमानसशास्त्राला असतात, त्यात हा येतोच आणि परीक्षा देणारी पोरं तिथंच गडबडतात, कारण ती कृतीकडं बघतात. कृती सोडा, कारण बघा. "बाई मारतील म्हणून घेतलं नाही" हे पूर्वसांकेतिक, म्हणजे पहिल्या स्तराचं, "सगळे मला चांगलं म्हणतील म्हणून" हे सांकेतिक, म्हणजे दुसऱ्या स्तराचं. कृती एकच, स्तर वेगळा. आणि नमुन्यात फक्त मुलगे होते हेही लक्षात ठेवा. कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईनं १९८२ मध्ये यावर बोट ठेवलं, की नात्याची आणि काळजीची भाषा या मोजपट्टीत कमी भरते. मला हे फार पटतं, कारण वर्गात कुणीतरी "तिला वाईट वाटेल" म्हणतं तेव्हा ते कमी प्रतीचं नैतिक उत्तर आहे असं मला कधीच वाटलेलं नाही.

परिपाठाबद्दल. सुविचार, बोधकथा, मूल्यशिक्षणातली श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, संवेदनशीलता, वक्तशीरपणा ही सगळी मूल्यं पोरांना पाठ असतात. पण परिपाठात समानतेवर गोष्ट सांगायची आणि नंतर झाडू मुलींच्या हातात, बाकं उचलायला मुलगे, असं असेल तर पोरं गोष्ट विसरतात आणि झाडू लक्षात ठेवतात. म्हणून शाळेत गेल्यावर पहिल्यांदा कामांचा तक्ता बघा, पोषण आहार वाढायला रोज कोण असतं, मॉनिटर कोण होतं, कायम तीच चार हुशार पोरं का? एरिक्सन हा मानसशास्त्रज्ञ सांगतो की साधारण सहा ते बारा या वयात मूल "मला जमतं" आणि "मी कुचकामी" यांच्यामध्ये झगडत असतं. वाचता न येणाऱ्या पोराला खिचडी वाढायची जबाबदारी द्या, ताटं मोजताना, रांग लावताना, शेवटच्याला पुरेल का याचा अंदाज घेताना ते पोरगं वेगळंच दिसायला लागतं.

बसायच्या जागाही बघा. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत आणली. हे आपण २६ जूनला, त्यांच्या जयंतीला, भाषणात सांगतो. मग आपल्या वर्गात एकाच गल्लीतली, एकाच आळीतली पोरं कायम एकत्र बसत असतील तर ते बदलणं हे आपलंच काम आहे. मी दर पंधरवड्याला जोड्या बदलते. पालक विचारायला येतात, त्यांना शांतपणे सांगते, पण नवीन जोडी मोडत नाही.

मारण्याचा विषय एका वाक्यात संपतो, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. पालक स्वतः येऊन म्हणतील "दोन ठेवून द्या बाई, आम्ही काय म्हणणार नाही", तरी नाही. सगळ्यांसमोर टोमणे मारणं, "तुझ्या भावासारखाच निघालास" म्हणणं, हेही त्यातच धरा.

नोंदींचं मात्र सविस्तर सांगते. आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात आणि व्हॉट्सॲपवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात, "इतरांशी नम्रतेने वागतो", "गटकार्यात सहभागी होतो", अख्ख्या वर्गाला तेच. त्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. खिशात छोटी डायरी ठेवा, रोज दोन-तीन पोरांबद्दल फक्त दिसलं ते लिहा. "भांडखोर आहे" असं नको, "रांगेत ढकलल्यावर हात उचलला, मग स्वतः बाजूला जाऊन बसला" असं लिहा. महिन्याभरानं वाचलं की कळतं हे पोरगं रागावर ताबा ठेवायला शिकतंय, आणि पालकसभेत आईला सांगायला तुमच्याकडं खरी गोष्ट असते. नवीन समग्र प्रगती पत्रकात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मतही घ्यायचं आहे, तिथंही "बघितलं" चा रकाना कामाला येतो.

आणि एक, हे कॉलेजात बऱ्याचदा राहून जातं. विश्वास बसला की पोरं घरातलं, शेजारचं काहीही सांगतात, कधी फार गंभीर असतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ऐकून घ्या, खोदून खोदून विचारू नका, मुलाचे शब्द आहेत तसे लिहा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोला. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, ते शाळेपुरतं मिटवता येत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वर्गात पोरांच्या नजरेच्या उंचीवर मोठ्या अक्षरात लावा आणि इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शक शिक्षकांना विचारून घ्या की असं काही कानावर आलं तर या शाळेत कुणाकडं जायचं.