आधी कॅबिनेट उघडा, मग ग्राफिक्स कार्ड घ्या : तयार डेस्कटॉपला कार्ड जोडताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात भाचीचा फोन आला. ती पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि एका कार्यालयाने वापरून काढून टाकलेला डेस्कटॉप तिने स्वस्तात मिळवला होता. "मामा, कार्ड आणलंय, पण ते आत बसतच नाहीये," एवढेच ती म्हणाली. सदाशिव पेठेतल्या तिच्या खोलीवर गेल्यावर कारण लगेच दिसले. कॅबिनेट बारीक, म्हणजे स्मॉल फॉर्म फॅक्टर प्रकारचे होते, आणि तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेले कार्ड पूर्ण उंचीचे व दोन पंख्यांचे होते. सील तोडलेले असल्यामुळे दुकानदाराने ते परत घेतले नाही आणि शेवटी ते तोटा सोसून विकावे लागले. विद्यार्थ्याच्या हातचे पैसे असे गेलेले पाहून मला फार वाईट वाटले. हा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

बहुतेक जण आधी कार्ड निवडतात आणि मग ते आपल्या संगणकात बसेल का, असे विचारतात. सुटे भाग निवडून जुळवलेल्या संगणकाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते. कंपनीने तयार करून विकलेल्या डेस्कटॉपमध्ये मात्र कोणते कार्ड घ्यायचे हे कॅबिनेट आणि एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारी पेटी) आधीच ठरवून बसलेले असतात. म्हणून संगणक बंद करून, मुख्य वायर काढून, झाकण उघडावे आणि पट्टी घेऊन तीन मापे कागदावर लिहावीत: मागच्या पत्र्यापासून समोरच्या अडथळ्यापर्यंतची लांबी, मागच्या खाचेची उंची आणि कार्ड ज्यात बसते त्या लांब स्लॉटच्या शेजारी मोकळी असलेली जागा. पूर्ण उंचीच्या कार्डाची मागची पट्टी साधारण १२ सेंटीमीटरची असते, तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या, कार्डाची सुमारे ८ सेंटीमीटरची. कार्ड दोन स्लॉटइतके जाड असेल आणि शेजारीच एसएमपीएसची पेटी असेल, तर लांबी पुरेशी असूनही ते बसणार नाही.

याहून गंभीर चूक विजेच्या हिशेबात होते. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्यापुढची गरज एसएमपीएसमधून येणाऱ्या स्वतंत्र वायरने भागवावी लागते, ज्यात सहा पिनांची जोडणी ७५ वॅटची आणि आठ पिनांची १५० वॅटची धरलेली असते. कार्यालयीन डेस्कटॉपचे एसएमपीएस अनेकदा १८० ते २६० वॅटचे असतात आणि त्यांत अशी वायर बहुधा नसतेच. एसएमपीएसवरच्या लेबलवर एकूण वॅटचा मोठा आकडा पाहून समाधान मानू नये. १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपियर लिहिले आहेत ते पाहावे, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः त्याच रांगेवर चालतात. तिथे १८ अँपियर लिहिले असतील, तर उपलब्ध शक्ती २१६ वॅट झाली, आणि तीत प्रोसेसर, पंखे, हार्ड डिस्क असे सगळेच आले.

इथे नावांचा घोळही ध्यानात ठेवावा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे मिळतात: २०२२ मध्ये आलेले ८ जीबीचे कार्ड १३० वॅट घेते आणि त्याला वेगळी वायर लागते, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे कार्ड ७० वॅटचे असल्याने नुसत्या स्लॉटवर चालू शकते. जीटीएक्स १६५० सुद्धा काही उत्पादक वायरीशिवाय आणि काही सहा पिनांसह देतात. म्हणून दुकानात नुसते नाव सांगू नये. पूर्ण मॉडेल क्रमांक सांगावा आणि कार्डाच्या कडेला वायरीचे तोंड आहे का ते स्वतः पाहावे.

वायर नाही म्हणून साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, जोडणीवरून सहा किंवा आठ पिना काढणारा स्वस्त अडॅप्टर लावणे ही चूक मी सर्वांत धोकादायक मानतो. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टच्या तीनच पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपियर. म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. त्यांच्यावर ७५ किंवा १५० वॅटचा भार टाकला तर प्लॅस्टिक वितळते, आणि कधी आगही लागते. मग एसएमपीएसच बदलू, असे वाटणे साहजिक आहे. परंतु डेल, एचपी आणि लेनोवो यांच्या अनेक कार्यालयीन मॉडेलांत मदरबोर्डची वीजजोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसते आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो. आपल्या मॉडेलची जोडणी मोजल्याशिवाय नवा एसएमपीएस घेऊ नये.

कार्ड बसवताना कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी, स्लॉटच्या टोकाची खिटी 'टक्' आवाज करून अडकेपर्यंत कार्ड सरळ दाबावे आणि मागचा स्क्रू अवश्य लावावा.

आता पडदा काळाच राहिला तर? कार्ड खराब आहे असे ठरवण्याआधी मॉनिटरची केबल कुठे आहे ते पाहा. ती सवयीने मदरबोर्डलाच राहिलेली असते, असे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. ती नव्या कार्डालाच लागली पाहिजे. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल, तर हल्लीच्या कार्डांवर ते तोंडच नसते आणि एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. केबल ठीक असेल तर कार्ड काढून पुन्हा बसवावे, मग उत्पादकाच्या संकेतस्थळावरून बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अद्ययावत करून त्यात यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत निवडलेली आहे का ते तपासावे. चित्र येते पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ ही त्रुटी दिसते, तेव्हा जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) पूर्ण काढून नवा टाकावा. वापरलेले कार्ड घेतले असेल, तर कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्येही ते पाहावे, कारण कार्डाचा बायोस बदलून जुन्याच चिपला नव्या कार्डाचे नाव दिलेली बनावट कार्डे बाजारात फिरलेली आहेत.

साध्या कामात सगळे सुरळीत आणि रेंडर (आराखड्यावरून चित्र तयार करण्याचे जड काम) सुरू करताच संगणक बंद, असे होत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. फक्त वीज गेल्यावरच तसे होत असेल, तर यूपीएसवर: ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो.

भाचीच्या कॅबिनेटमध्ये आता ६ जीबीचे लो प्रोफाइल कार्ड आहे. मे महिन्यात तिचे रेंडर मध्येच मंदावू लागले, तेव्हा तापमान पाहिले आणि पुढची जाळी उघडली. आत धुळीचा जाड थर होता. ब्रशने तो काढला, भिंतीला टेकवलेले कॅबिनेट एक वीत पुढे ओढले, आणि त्याच रात्री तिचे रेंडर न मंदावता पूर्ण झाले.