लेकीला फोन करण्याआधी घड्याळ उलटं धरा

धाकटी ब्रिटनमधल्या लीड्सला शिकायला गेली आणि आमचा पहिलाच रविवार फसला. इंदूरात साडेनऊला पोहे-जलेबीची ताटली समोर घेऊन मोठ्या हौसेनं व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाटेचे चार! दरवेळी साडेपाच तास वजा करताना माझं हमखास चुकतं. आता हिशोबच करत नाही.

१. काट्यांचं मनगटी घड्याळ काढा आणि बाराचा आकडा खाली येईल असं उलटं धरा.
२. छापील आकडे विसरा, काटे कुठे दिसतात तेवढंच बघा. इथे रात्रीचे आठ असतील तर घड्याळात अडीच दिसतील. ब्रिटनमध्ये दुपारचे अडीच! तासकाटा अर्धा तास मागे रेंगाळल्यासारखा वाटेल. खरी वेळ मिनिटकाट्यावरून धरायची: तासकाटा नेमका दोनवर, मिनिटकाटा सहावर, म्हणजे अडीच.
३. सकाळ की दुपार, हे आपलं आपण ओळखायचं. तिकडची वेळ आपल्या मागे असते.

सासूबाईंना तर भिंतीवरचं जुनं घड्याळच उलटं टांगून हवं होतं. नको म्हटलं, घरातले सगळे गोंधळतील.

एक लक्षात ठेवा: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे असतात. त्या काळात उलट्या घड्याळात दिसेल त्यात एक तास मिळवा. अमेरिकेतल्या नातवंडांसाठी मात्र ही युक्ती चालत नाही.