अर्काने मूलपेशी वाचल्या की मोजमाप फसले? डॉक्सोरुबिसिनवरील चाचणीची मांडणी

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाघरांच्या) आतल्या पटलातील कार्डिओलिपिन या मेदाला चिकटते, तिथल्या श्वसनसाखळीतील कॉम्प्लेक्स १ या प्रथिनसमूहाकडून इलेक्ट्रॉन घेते आणि ते ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड हे घातक रूप तयार करते. या माऱ्यातून मेसेन्कायमल मूलपेशी (हाड, चरबी अशा ऊती घडवू शकणाऱ्या) एखाद्या वनस्पतीच्या अर्काने वाचतात का, हे पाहणे वरवर सोपे वाटते. पण औषध लाल आणि प्रतिदीप्त (प्रकाश पडताच वेगळ्या रंगात चमकणारे), अर्कही बहुधा रंगीत आणि रासायनिकदृष्ट्या चळवळ्या. त्यामुळे ‘संरक्षण’ पेशींत न घडता नुसते मोजमापात दिसण्याची शक्यता मोठी असते.

अर्क. ४० अंश सेल्सिअसच्या आत वाळवलेल्या वनस्पतीची १० ग्रॅम पूड १०० मिलि ७० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास अंधारात हलवत ठेवा. गाळून, ४० अंशांखालीच रोटरी इव्हॅपोरेटरवर इथेनॉल उडवा आणि उरलेले फ्रीझ ड्रायरमध्ये सुकवा. डीएमएसओ या द्रावकात ५० मिग्रॅ प्रति मिलि साठा करून उणे २० अंशांवर ठेवा. पुढची विरलने डीएमएसओतच करा, म्हणजे प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) डीएमएसओ नेमके ०.१ टक्का राहील आणि अर्काची कमाल मात्रा ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि होईल. ०.२२ मायक्रॉनची गाळणी जिवाणू अडवते, एंडोटॉक्सिन (त्यांच्या भिंतीतले विष) नाही. आणि मेसेन्कायमल मूलपेशींना ते ओळखणारा ग्राही असतो. म्हणून एंडोटॉक्सिन शोधणारी लिम्युलस चाचणी करा. वनस्पतीतील बीटा-ग्लुकान या शर्करासाखळीमुळे ती खोटी होकारार्थी येते, तेव्हा ग्लुकान रोखणारा बफर वापरा.

पेशी आणि माध्यम. पॅसेज (नव्या भांड्यात वाढवण्याची फेरी) ३ ते ५ मधल्या, पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही ओळखीची प्रथिने असलेल्या आणि सीडी३४, सीडी४५ नसलेल्या पेशी घ्या. ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे ५,००० पेशी टाका. कडेच्या वेल बाष्पीभवनाने बिघडतात, त्यांत फक्त बफर भरा. २५ मिलिमोलर ग्लुकोजच्या माध्यमात पेशी ग्लायकोलिसिसवर (मायटोकॉन्ड्रियाशिवाय साखर तोडण्यावर) निभावून नेतात, आणि मायटोकॉन्ड्रिया अर्धमेले झाले तरी एटीपी (पेशीचा ऊर्जा-रेणू) फारसे घटत नाही. म्हणून एक प्लेट ग्लुकोजविरहित, १० मिलिमोलर गॅलॅक्टोजच्या माध्यमात २४ तास आधी रुळवा. सीरम डायलिसिस केलेले घ्या, नाहीतर ग्लुकोज मागच्या दाराने येतोच. गॅलॅक्टोजमध्ये विषबाधा जास्त दिसली, तर घाव मायटोकॉन्ड्रियावर असल्याचा तो चांगला इशारा.

मात्रा. औषध ०.०५ ते ५ मायक्रोमोलरच्या पट्ट्यात २४ तास देऊन, एटीपी साधारण निम्मे होते ती मात्रा निवडा. ९० टक्के पेशी मेल्यावर वाचवायला काही उरत नाही. १० टक्केच मेल्या तर फरक गोंगाटात बुडतो. अर्क एकटाही तपासा. दारुहळदीतले बर्बेरीन स्वतःच कॉम्प्लेक्स १ अडवते, तेव्हा ‘औषधी’ या शब्दावर विसंबू नका.

क्रम. मुख्य मांडणीत अर्क ६ तास द्या, बफरने दोनदा धुवा, मग अर्काशिवाय औषध २४ तास. दुसऱ्या प्लेटमध्ये दोन्ही एकत्र. फक्त एकत्र दिल्यावरच फायदा दिसला, तर अर्क माध्यमातच औषधाला बांधत असेल किंवा पेशीत शिरू देत नसेल. इथे औषधाची चमक कामी येते: २ तासांनी ४८० नॅनोमीटरने उद्दीपित करून ५९० वर प्रवाह सायटोमीटरमध्ये (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रात) मोजा. अर्क दिलेल्या पेशींत चमक कमी भरली, तर शंका रास्त आहे. मात्र अर्काच्या स्वतःच्या रंगाची वजावट आधी करा.

आणखी एक गोम. अर्कातले पॉलीफिनॉल (वनस्पतीतील संयुगांचा एक गट) माध्यमातच ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. त्या सौम्य धक्क्याने पेशीचे संरक्षक जनुक जागे होतात आणि श्रेय अर्काला जाते. पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज विकर घालून प्रयोग पुन्हा करा. माध्यमातील पायरुव्हेट पेरॉक्साइड शोषते, म्हणून त्याचे प्रमाण बदलू देऊ नका.

मोजमाप. एमटीटी या जिवंत पेशींत जांभळा होणाऱ्या रंगावर भिस्त ठेवू नका. पॉलीफिनॉल पेशींशिवायही तो जांभळा करतात. पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क टाकून हे लगेच दिसते. एटीपी ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराने मोजा, पण काही फ्लॅव्होनॉइड (पॉलीफिनॉलांचाच एक गट) हे विकरच रोखतात. म्हणून ज्ञात एटीपीत अर्क मिसळून वाचन घटत नाही ना, ते बघा. मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाचा विद्युतभार मोजणारे टीएमआरएम व जेसी-१ चा लाल भाग आणि सुपरऑक्साइड मोजणारे मायटोसॉक्स ही तिन्ही रंगद्रव्ये औषधाच्या चमकीत मिसळतात. विद्युतभारासाठी त्याऐवजी ६३८ नॅनोमीटरने उद्दीपित होणारे दूर-लाल रंगद्रव्य घ्या आणि हा विद्युतभार घालवणाऱ्या एफसीसीपीचे नियंत्रण ठेवा. एफसीसीपीनेही चमक उतरली नाही, तर ते रंगद्रव्य विद्युतभार दाखवतच नाही.

सगळ्यात भरवशाचा ऑक्सिजनचा खप, कारण त्यात पेशींवर रंग लागत नाही. तो मोजताना एटीपी-निर्मिती रोखणारे ऑलिगोमायसिन १.५, एफसीसीपी १, मग श्वसनसाखळी अडवणारे रोटेनोन आणि अँटिमायसिन प्रत्येकी ०.५ मायक्रोमोलर, या क्रमाने द्या. एफसीसीपीची मात्रा आधी ठरवून घ्या. जास्त झाली की श्वसनच मंदावते आणि राखीव क्षमता (गरजेला वाढवता येणारे श्वसन) खोटी कमी दिसते.

पेशी जगल्या तरी मूलपेशी राहिल्या का, हा प्रश्न वेगळा. हाडाच्या दिशेने २१ दिवस घडवून अलिझरिन रेडने कॅल्शियम रंगवा; चरबीच्या दिशेनेही घडतात का बघा. तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तीन वेगवेगळे दाते घ्या. शेवटची प्लेट कर्कपेशींची: तीच मात्रा, तोच क्रम. त्याही वाचत असतील, तर अर्क औषधाचेच काम बिघडवतो आहे.