उन्हाळ्यात कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत या चुका टाळा

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. जीभ बाहेर काढून धापा टाकणं, तोंडातला ओलावा हवेत उडवणं, यावरच त्याची सारी भिस्त. उन्हाळ्यात आपण नेमकं तेच अडवून बसतो.

विदर्भात घरोघरी दिसणारी चूक म्हणजे दारं-खिडक्या लावून कूलर चालवणं. थोडा वेळ गार वाटतं, मग खोली दमट होते. दमट हवेत जिभेवरचं पाणी उडत नाही, आणि कुत्रं कूलरसमोर बसूनही धापा टाकत राहतं. कूलरच्या समोरची एक खिडकी उघडी ठेवा. तरीही हवा चिकट वाटली तर कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालू द्या. मुंबई-कोकणात पारा 34 वर दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे दमटपणाच घात करतो. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींची श्वासाची वाट मुळातच अरुंद. त्यांना दुपारी एसीत ठेवता आलं तर उत्तम.

फिरवताना तोंडाला घट्ट नायलॉनचं मझल बांधू नका, जबडाच उघडत नाही. जाळीचं, मोकळं घ्या. ऊन उतरलं की लगेच बाहेर पडू नका, डांबर बराच वेळ तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल तर पंजेही भाजणार. बंद गाडीत तर पाच मिनिटंही नको: बाहेर 35 अंश असताना दहा मिनिटांत आत 45 च्या आसपास होतं.

हस्की, पॉमेरेनियनला झिरो कट मारू नका. ते केस उन्हाचा आडोसाच असतात. विंचरून गळके केस काढा, पुरे.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे अंग तापलं म्हणून पॅरासिटामॉल देणं. उष्माघात हा ताप नव्हे, गोळीने तो उतरत नाही. मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट. ते 104 च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल झोकांडली, तर आधी गार करा, मग दवाखाना. सावलीत आणून नळाचं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो क्षणात तापतो आणि आतली उष्णता कोंडतो. पाणी समोर ठेवा, घशात ओतू नका. तापमान 103 वर आलं की अंगावर पाणी ओतणं थांबवा.

कुत्रं उठून शेपटी हलवू लागलं तरी डॉक्टरांकडे न्याच, कारण मूत्रपिंड आणि यकृताला बसलेला फटका एक-दोन दिवसांनीही वर येतो. मांजर तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर जराही थांबू नका. निघतानाच दवाखान्यात फोन करा, म्हणजे पोहोचेपर्यंत सलाईनची तयारी झालेली असेल.