कॉलेजसाठी डेस्कटॉप की लॅपटॉप? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा निकाल लागला की बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या रिपेअरीच्या दुकानात बापलेकांच्या जोड्या यायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो, "मामा, डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप?" मी उलट विचारतो, "पोरगं राहणार कुठं? कॉलेजला जाणार कशानं? घरात लाईटची काय अवस्था?" पुष्कळांना हे प्रश्न भलतेच वाटतात. त्यांनी आय-फाइव्ह, सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड असं सगळं पाठ करून आणलेलं असतं. पण दुरुस्तीच्या टेबलावर बसून इतकी वर्षं मी बघतोय. प्रोसेसर चुकला म्हणून वाया गेलेली मशिनं थोडी. चुकीच्या खोलीत, चुकीच्या पिशवीत आणि चुकीच्या प्लगमध्ये गेलेली फार.

राहायची सोय ठरायच्या आधी मशीन घेणं

निपाणीकडच्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्यानं मुलीला डेस्कटॉप घेऊन दिला. त्याच पैशात डेस्कटॉपमध्ये ताकद जास्त मिळते, बिघडला तर सुटा भाग बदलता येतो, हे त्यांचं गणित अगदी बरोबर होतं. मुलगी टिळकवाडीत खोली घेऊन राहिली. एका खोलीत चौघी. टेबलाला जागा नाही म्हणून मॉनिटर ट्रंकेवर आणि सीपीयू कॉटखाली. झाडलोट झाली की सगळी धूळ त्याच्या पंख्यात. प्रोजेक्टचा गट बसायचा मैत्रिणीच्या घरी, मशीन मात्र खोलीवर. सुटीला गावी गेली की महिनाभर ते बंद. शेवटच्या वर्षी तिनं प्रोजेक्ट रिपोर्टचा निम्मा मजकूर फोनवर टाईप केला. वडील माझ्यासमोर बसून म्हणाले, "चांगलंच घेतलं होतं की हो मामा." खरंच चांगलं घेतलं होतं. जागा चुकली होती. तिला साधा, हलका लॅपटॉप पुरला असता.

उलटी चूकही तितकीच होते. खानापूरहून रोज अप-डाऊन करणारा मुलगा, येता-जाता पन्नासेक किलोमीटर, सकाळच्या बसमध्ये उभा राहून प्रवास. त्याला घरच्यांनी गेमिंगचा लॅपटॉप दिला. मशीन अडीच किलोचं, वर विटेएवढा अ‍ॅडॅप्टर. गर्दीत बॅग दाबली जाते आणि डिस्प्लेला कोपऱ्यातून तडा जातो. वॉरंटीत हे बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. जेवणाचा डबाही त्याच बॅगेत असतो. आमटी सांडून कीबोर्डखाली गेलेली मशिनं मी दर पावसाळ्यात उघडतो.

माझं मत स्पष्ट आहे. मुलगा किंवा मुलगी घरूनच जाणार असेल, कॉलेजच्या लॅबमध्ये मशिनं असतील आणि वर्गात लॅपटॉप सक्तीचा नसेल, तर घरी डेस्कटॉप आणि खिशात पेनड्राइव्ह. हॉस्टेल किंवा खोली असेल तर लॅपटॉप, मग ताकद थोडी कमी मिळाली तरी चालेल. वजन दीड-पावणेदोन किलोच्या वर नको.

अर्थिंग न बघता डेस्कटॉप लावणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिच्यामुळं मी मुलांना रडताना बघितलंय.

जांबोटीकडच्या एका गावातला मुलगा. जुनं कौलारू घर, प्लगला दोनच भोकं. तीन पिनांचा प्लग बसेना म्हणून त्यानं बाजारातून पाच-दहा रुपयांचा दोन पिनांचा जोड आणला आणि काम भागवलं. काही दिवसांनी मला फोन, "मामा, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात बघा." मी म्हटलं, आज मशीन बंद ठेव, उद्या वायरमन बोलाव. तो म्हणाला, "चप्पल घालून बसलं की काही होत नाही." त्याला एक फॉर्म भरायचा होता, एक असाइनमेंट द्यायची होती. वायरमन राहून गेला.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. घराजवळच कुठंतरी वीज पडली. मुलगा मशीन बंद करून जेवायला बसला होता, पण प्लग बोर्डात तसाच होता आणि नेटची वायर राउटरमधून थेट मशीनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं पोत्यात घालून आणलं. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेला, मदरबोर्ड गेला, राउटर गेला. हार्ड डिस्क वाचली एवढंच. आईनं बचत गटातून कर्ज काढून ते मशीन घेतलं होतं.

मुंग्या का येतात ते समजून घ्या. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही बाजूंनी छोटे कपॅसिटर पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात. त्यांचं काम गडबडीचा करंट अर्थिंगमधून जमिनीत सोडणं. अर्थिंगच नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि तिच्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५ व्होल्टच्या घरात दाब दिसतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस फक्त दचकतो. पण त्या मुंग्या म्हणजे मशीन तुम्हाला सांगतंय की माझी तिसरी पिन कुठंच जोडलेली नाही. स्पाइक गार्डवर, म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणाऱ्या बोर्डावर भरवसा ठेवू नका. त्यातल्या संरक्षणाचा मोठा भाग अर्थिंगवरच चालतो.

करायचं काय? वायरमनला सांगून मल्टिमीटर लावायला लावा. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या जवळपास व्होल्ट आले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीनच्या आत. हे मोजणं शक्यतो एप्रिल-मेमध्ये करा. आपल्याकडं जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात बरा वाटतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडून निकामी होतो. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून उन्हाळाभर पाणी सोडत राहायचं, ही जुन्या वायरमन लोकांची रीत मी माझ्या घरी आजही पाळतो. आणि ढग गडगडले की पॉवरचा प्लग आणि नेटची वायर, दोन्ही हातानं काढून ठेवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

लॅपटॉपला हे सगळं लागू नाही असं समजू नका. चार्जरची जाड पिन मोडून तो दोन भोकांत घुसवणारे मी रोज बघतो. पण लॅपटॉपचा एक मोठा फायदा आहे. वीज कडाडायला लागली की चार्जर काढून बॅटरीवर काम चालू ठेवता येतं. घर गावात, लाईटचा भरवसा नाही आणि अर्थिंग सुधारायची तयारी नाही, तर डेस्कटॉपचा विचार सोडा.

लाईट जाणार हे धरूनच न चालणं

डेस्कटॉप घेताना यूपीएसचे पैसे वेगळे धरा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो. ती मिनिटं फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला आहेत, अभ्यासाला नाहीत. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. बऱ्याच जणांचं ते नॉर्मलवरच असतं. मग लाईट जाताच पंखा चालू राहतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, आणि इन्व्हर्टर खराब आहे म्हणून लोक माझ्याकडं येतात.

बाकीच्या चुका, थोडक्यात

शाखा नक्की व्हायच्या आधी खरेदी. सीईटीच्या कौन्सेलिंगच्या फेऱ्या संपू द्या. वर्ग सुरू होऊ द्या, सीनियरला विचारा, मग या. बी.कॉम.ला लागणारं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या कुठल्याही साध्या मशीनवर चालतं. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर लागलं तर तिथंही विंडोजच हवी, मॅकबुकवर ते थेट चालत नाही. महिनाभर थांबल्यानं कुणाचं वर्ष बुडालेलं मी बघितलेलं नाही.

जुनं मशीन विंडोज ११ चालतं का हे न बघता घेणं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. ऑफिसांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे आय-फाइव्ह स्वस्त विकले जातात, त्याचं कारण हेच. लिनक्स वापरणार असाल तर खुशाल घ्या.

नुसतं 'आय-फाइव्ह' ऐकून भुलणं. पिढी विचारा, प्रोसेसरच्या नंबरातलं शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जोरकस आणि तापणारा.

रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे का हे न विचारणं. तशी रॅम नंतर काढून बदलता येत नाही. आज आठ जीबी घेऊ, पुढं वाढवू म्हणणाऱ्यांनी तर हे विचारलंच पाहिजे.

गादीवर लॅपटॉप ठेवणं. खालून हवा घेणाऱ्या मशीनचा श्वास कोंडतो. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे, मशीन लगेच बंद करून दाखवायला आणा.

असेंबल्ड डेस्कटॉपवर क्रॅक केलेली विंडोज टाकून घेणं. हा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही. क्रॅक चालावा म्हणून आधी अँटिव्हायरसच बंद करतात, आणि मग परीक्षेच्या तोंडावर फाईली लॉक झाल्या म्हणून पोरं धावत येतात. त्या फाईली बहुतेक वेळा परत मिळत नाहीत. पैसे नसतील तर उबुंटू टाका, फुकट आहे. ऑटोडेस्क कंपनीची डिझाइनची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना एकेका वर्षासाठी मोफत मिळतात, वर्ष संपलं की पुन्हा नोंदणी करता येते. चोरी करायची गरजच पडत नाही.

पुण्याहून मशीन जोडून आणणं. थोडं स्वस्त मिळतं, पण बिघडलं की वॉरंटीसाठी परत तिकडंच जावं लागतं. आणायचंच असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या डब्यात घ्या. बसच्या डिकीत जड कार्ड हेलकावे खाऊन मदरबोर्डावरचा स्लॉटच तुटलेला मी दोनदा बघितलाय. कॅबिनेट उभं ठेवू नका, मदरबोर्ड तळाला येईल असं आडवं झोपवा, खाली जाड गोधडी घाला, आणि शक्यतो डिकीत न देता सीटवर शेजारी ठेवून आणा.