लहान मुलांचा मुतखडा: आईबाबा, या चुका टाळा

"मॅडम, खडा तर निघाला, मग आता कशाला तपासण्या?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदा सगळं लिहूनच काढते. मी लहान मुलांची युरोलॉजिस्ट आहे. मुतखडा झालेली मुलं रोज बघते आणि खरं सांगायचं तर खड्यापेक्षा जास्त त्रास मुलांना विषय संपवायच्या घाईचा होतो. मोठ्या माणसाला कमी पाणी पिऊन, चुकीचं खाऊन खडा होऊ शकतो. पण सहा वर्षांच्या पोराला झाला तर आत काहीतरी बिघडलेलं असायची शक्यता बरीच जास्त असते. लघवीत कॅल्शियम जास्त जातंय, खडा होऊ न देणारं सायट्रेट कमी पडतंय, मूत्रमार्गाची रचना जन्मतःच अडलेली आहे, असं काहीतरी. ते शोधलं नाही तर खडा परत होणार.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो विसरलेल्या स्टेंटने. दुर्बिणीने खडा काढल्यावर सूज उतरेपर्यंत लघवी नीट वाहावी म्हणून बऱ्याचदा डीजे स्टेंट ठेवतात. मऊ नळी असते, एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात. काही आठवड्यांत ती काढायचीच असते. माझ्याकडे एक सात वर्षांची मुलगी आली, लघवीला जळजळ, लघवीतून रक्त, वर्षभर अँटिबायोटिकचे कोर्स चालू. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. आईने पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेलं, आणि त्याच्या शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की चार आठवड्यांनी स्टेंट काढायला या. चौदा महिने झाले होते. त्या माऊलीला आत नळी आहे हेच कुणी मराठीत सांगितलं नव्हतं. एक्स-रे काढला तर नळीवर खडे जमलेले, मूत्राशयातलं टोक आवळ्याएवढं झालेलं. जे काम थोडी भूल देऊन दहा मिनिटांत झालं असतं, त्यासाठी दोनदा मोठी भूल द्यावी लागली, खालचा खडा फोडला आणि वरच्या टोकासाठी पाठीतून छिद्र पाडून मिनी पीसीएनएल करावं लागलं.

तेव्हापासून मी स्टेंट टाकला की कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनने मराठीत लिहिते, "आत नळी आहे, अमुक तारखेला काढायची", आणि आई, बाबा, शिवाय एका नातेवाईकाचा नंबर वहीत घेते. तुम्ही डिस्चार्जच्या वेळी एवढंच विचारा: आत काही ठेवलंय का, आणि ते कधी काढायचं?

दुसरी चूक घरातली, दूध बंद करायची. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध, दही, पनीर सगळं बंद, आणि हे बहुतेक घरातल्या मोठ्यांनी प्रेमाने ठरवलेलं असतं. होतं उलटंच. खाण्यातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला (खाण्यातूनच येणारा, खडा बनवणारा क्षार) धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. दूध बंद केलं की ते ऑक्झलेट मोकळं रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं, वर वाढत्या वयात हाडं कच्ची राहतात ती वेगळीच. कमी करायचं ते मीठ, कारण मीठ लघवीत कॅल्शियम ओढून आणतं. मी आईबाबांना मुलाचा डबा घेऊन यायला सांगते. एका आठ वर्षांच्या मुलाचं दूध पाच महिने तोडलेलं होतं आणि डब्यात रोज पोळी-लोणचं, संध्याकाळी वेफर्सचं पाकीट. खडा वाढला होता.

पाण्याचं बघायचं असेल तर शाळेतून आल्यावर बाटली उचलून बघा. भरलेली परत येते, कारण शाळेचं बाथरूम घाण असतं म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत, तेव्हा आधी बाईंशी बोला. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण दीड लिटर, त्यापुढे दोन लिटर, उन्हाळ्यात आणखी. लघवी फिकट दिसली पाहिजे.

बाकीच्या पटापट सांगते. लहान मूल कमरेत दुखतंय असं सांगत नाही, बेंबीजवळ हात ठेवतं आणि उलट्या करतं, त्यामुळे दर वेळी जंत म्हणून सोडून देऊ नका. आधी सोनोग्राफी, सीटी डॉक्टरांना खरंच गरज वाटली तरच. 60,000 युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी कोर्स संपल्यावरही मनाने चालू ठेवू नका, त्यानेही खडे होतात. कुळथाचं कढण पाजा, माझी हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर महिनोन्महिने थांबू नका, कळ थांबली तरी मार्ग अडलेला राहून किडनी आतल्या आत खराब होऊ शकते. आणि खडा असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशन कोण करणार हेही विचारा. एमबीबीएस, एमएस, मग पीडियाट्रिक सर्जरी किंवा युरोलॉजीत एमसीएच धरून साडेअकरा वर्षं जातात, आणि त्यानंतर मुलांच्या कामाचा हात वेगळा बसवावा लागतो, कारण दुर्बीण बारीक, जागा बारीक, थंड सलाईननेसुद्धा मूल गार पडतं. आमच्या मुलाच्या वयाच्या किती मुलांचं केलंय हे विचारण्यात काही गैर नाही.

आणि पडलेला खडा फेकू नका. लघवी गाळून घ्या, खडा कोरड्या डबीत घालून आणा. त्या सात वर्षांच्या मुलीचा पहिला खडा कुणी तपासलाच नव्हता. आम्ही नळीवरचा खडा तपासला तर सिस्टिनचा (प्रथिनातल्या एका घटकाचा) निघाला, म्हणजे जन्मजात, आईबाबा दोघांकडून आलेला दोष. मग तिच्या धाकट्या भावाचीही लघवी तपासली, त्यालाही तेच, फक्त खडा अजून झाला नव्हता. आता रात्री झोपताना दोघांच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो आणि सायट्रेटचं औषध दोघंही तोंड वाकडं करत घेतात.